गणेशोत्सवातले ‘प्राचीन विज्ञान’ आणि प्रश्न न विचारण्याची अट

नेरूळवासी (धागाकर्ते)

नमस्कार.

आमच्या नेरूळच्या गृहसंकुलात गणेशोत्सवातली एक संध्याकाळ व्याख्यानासाठी राखून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. आजवर पोटाच्या विकारांवर बोलणारे डॉक्टर, गडकिल्ल्यांचे अभ्यासक, करबचत समजावून सांगणारे सीए असे वक्ते येऊन गेले आणि त्या प्रत्येकाला श्रोत्यांनी, कधी कधी वक्ता घड्याळाकडे पाहू लागेपर्यंत, प्रश्न विचारले. यंदा समितीतल्या काही उत्साही सदस्यांनी समाजमाध्यमांवर मोठा चाहतावर्ग असलेल्या एका वक्त्यांचे नाव सुचवले असून विषय आहे ‘ऋषिमुनींचे विज्ञान’. मी त्यांच्या बऱ्याच चित्रफिती पाहिल्या. सूर्यातून ओंकाराचा ध्वनी निघतो व तो नासाने ध्वनिमुद्रित केला आहे. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासानेच मान्य केले आहे. भारद्वाज ऋषींनी ग्रहांवर जाणाऱ्या विमानांचा ग्रंथ लिहून ठेवला आहे. आणि प्लास्टिक सर्जरी पाश्चात्त्यांनी आपल्याकडून उचलली, असे चार दावे त्यांच्या बहुतेक भाषणांत फिरून फिरून येतात.

या दाव्यांपेक्षा मला अधिक खटकली ती त्यांच्या कार्यालयाने घातलेली अट. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे होणार नाहीत, असे त्यांनी लेखी कळवले आहे. आमच्या सचिवांना त्यात काहीच वावगे वाटत नाही. ‘बाप्पाच्या मंडपात वाद कशाला?’ एवढेच त्यांचे म्हणणे आहे. मी नास्तिक नाही. घरी दीड दिवसाचा गणपती बसतो आणि आरतीला टाळ माझ्याच हातात असतो. तरीही समितीच्या बैठकीत मी आक्षेप घेतला, तेव्हा ‘तुम्हाला आपल्याच धर्माचे वावडे का?’ असा प्रश्न आला आणि पुढची चर्चा माझ्या श्रद्धेवर घसरली.

जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या दाव्यांत तथ्य किती आहे? आणि हा सारा प्रकार निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून द्यावा, की त्याच्या मुळाशी ज्याला आपण धार्मिक कट्टरता म्हणतो तीच आहे?

---

निवृत्त मास्तर, नौपाडा

पदार्थविज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. आपण दिलेल्या चार दाव्यांपैकी एक निखळ खोटा आहे, दोन अर्धवट ऐकून फुगवलेले आहेत आणि एक बराचसा खरा आहे. मात्र त्या खऱ्या दाव्यामागची खरी हकीकत हे वक्ते सांगत नाहीत, त्याचे कारण पुढे येईलच.

ओंकारापासून सुरुवात करू. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या जवळजवळ निर्वात अवकाशातून ध्वनी आपल्यापर्यंत येऊ शकत नाही, हे शाळेच्या पुस्तकातच आहे. तरीही या अफवेला एक खरा धागा आहे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या आवर्तनाने खालीवर होत असतो, असे १९६०च्या दशकात लक्षात आले. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या ‘सोहो’ या यानावरील उपकरणाने या हालचाली फार बारकाईने मोजल्या आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्यातली ४० दिवसांची नोंद ४२,००० पट वेगवान करून तिचे ध्वनीत रूपांतर केले. हिशेब कोणालाही करता येईल. पाच मिनिटे म्हणजे ३०० सेकंद. ४२,०००ला ३००ने भागले की सेकंदाला १४० कंपने येतात, म्हणजे खर्जातली एक सलग गुणगुण. ज्याला तीत ओंकार ऐकायचा आहे त्याला तो आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपातही ऐकू येईल. सूर्याच्या अंतरंगाची रचना त्याच्या कंपनांवरून ओळखणारी एक स्वतंत्र ज्ञानशाखा आज उभी आहे आणि ती या ओंकाराच्या कथेपेक्षा कितीतरी विलक्षण आहे. परंतु ती समजून घ्यायला थोडे गणित लागते आणि टाळ्या कमी मिळतात.

संस्कृतविषयीच्या दाव्याचे मूळ १९८५ सालच्या एका लेखात आहे. नासाच्या एम्स केंद्रात काम करणारे रिक ब्रिग्ज यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेला वाहिलेल्या एका नियतकालिकात तो लिहिला. संस्कृत वैयाकरणांनी आणि नैयायिकांनी वाक्यार्थ संदिग्धता न ठेवता उकलून दाखवण्याची जी पद्धत विकसित केली, तिचे संगणकात ज्ञान मांडण्याच्या तत्कालीन पद्धतीशी असलेले साम्य त्यांनी दाखवले होते. संगणकाच्या आज्ञावली संस्कृतात लिहाव्यात असे त्यांनी म्हटले नव्हते आणि त्या लेखातली मते ही नासाची अधिकृत भूमिकाही नव्हती. वास्तविक पाणिनीच्या गौरवासाठी नासाची गरजच काय? सुमारे ४,००० सूत्रांत एका भाषेचे व्याकरण बसवणारी त्यांची नियमव्यवस्था संगणकशास्त्रज्ञांना इतकी ओळखीची वाटली, की संगणकाच्या भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या ‘बॅकस’ पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना १९६७ साली एका प्रतिष्ठित नियतकालिकातील पत्रातून करण्यात आली होती.

विमानांची गोष्ट मात्र सरळ आहे. ‘वैमानिक शास्त्र’ या नावाचा जो ग्रंथ दाखवला जातो, तो म्हैसूर-बंगळुरू भागातील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकात तोंडी सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला. त्यातली चित्रे बंगळुरूच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका आरेखकाने १९२३ साली काढली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी १९७४ मध्ये या ग्रंथाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही. भाषा व छंद तपासले, हस्तलिखिताचा माग काढला, शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चारही विमानांची वर्णने अभियंत्याच्या नजरेने पाहिली आणि यांपैकी एकही यंत्र उडू शकणार नाही, तसेच ग्रंथ प्राचीन नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, कलिना येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये हाच विषय पुन्हा मांडला गेला, तेव्हा आमच्यासारख्यांना जे वाटले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

आता नाकाची गोष्ट, जी मला सर्वांत प्रिय आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या सैनिकांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरायचे, त्याच्या कडेने रेघ आखायची, तेवढी कातडी सोलायची पण भुवयांच्या मध्ये जोडलेली ठेवायची, आणि मग ती फिरवून नाकाच्या जागी बसवायची, अशी ती रीत होती. दोन इंग्रज डॉक्टरांनी ती पाहिली, लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये तिचे सचित्र वर्णन छापून आले, आणि तिथल्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तीच पद्धत वापरली. म्हणजे हे तंत्र येथून तेथे गेले, हे खरे आहे, आणि सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचे वर्णन आहे, हेही खरे आहे. पण कावसजीचे नाक बसवणारा माणूस वीटभट्टीवर राबणाऱ्या जातीतला होता, त्याचे नाव कोणी नोंदवले नाही, आणि ही विद्या त्याच्या हातात कशी टिकून राहिली याचा विचार करायला गेले की ‘ऋषिमुनींचे विज्ञान’ या मथळ्यात न मावणारे अनेक अडचणीचे प्रश्न उभे राहतात. म्हणूनच व्यासपीठावर त्याला जागा मिळत नाही.

---

पारसिक, कळवा

मास्तरांची माहिती मोलाची आहे. ती मी नाकारत नाही. परंतु या धाग्याचा सूर मला मान्य नाही आणि तो का मान्य नाही, हे सविस्तर सांगतो.

आपल्या दोन-तीन पिढ्यांनी शाळेत असे शिकून घेतले की विचार करण्यासारखे जे काही आहे ते युरोपात घडले आणि आपण केवळ शिकाऊ उमेदवार होतो. मास्तरांनी सांगितलेले पाणिनी आणि कावसजी माझ्या क्रमिक पुस्तकात नव्हते. ज्या माणसाच्या मनात ही सल आहे, त्याला एखादा वक्ता येऊन ‘तुमचे पूर्वज मूर्ख नव्हते’ असे सांगतो, तेव्हा त्याची मान ताठ होते. त्यात विमानाची अतिशयोक्ती असेल, पण त्यामागची गरज खरी आहे. तिच्याकडे पाहून नाक मुरडणारे सुशिक्षित लोक त्या माणसाला स्वतःहून त्या वक्त्याच्या दारात नेऊन सोडतात. वर, नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला करावा, हा तुकोबांनी विचारलेला तोच एक प्रश्न प्रत्येक वादात तोंडावर फेकायचा आणि त्यांच्या उरलेल्या साऱ्या गाथेतला विठ्ठल मात्र सोयीने विसरायचा, ही आपल्याकडच्या पुरोगाम्यांची जुनी खोड आहे.

दुसरे असे की, ही चिकित्सा नेहमी एकाच धर्माच्या वाट्याला का येते? आणि तिसरे, विज्ञानाच्या नावाने बोलणारेही कमी हटवादी नसतात. तेल चांगले की तूप चांगले, यावर गेल्या काही वर्षांत इतक्या कोलांट्या उड्या झाल्या आहेत की सामान्य माणसाने कोणत्या तज्ज्ञावर विश्वास ठेवावा? एका संध्याकाळच्या भाषणाने कोणाचे काय बिघडणार आहे, हे मला अजूनही कळलेले नाही.

---

वाशीचा वाटसरू

पारसिक यांचा पहिला मुद्दा मला पटतो आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अपमानाची सल खरी असते, तिच्यावर बनावट औषध विकले जाते, आणि औषध बनावट आहे असे सांगणाऱ्याने निदान सल खोटी आहे असे म्हणू नये.

एकाच धर्माच्या चिकित्सेविषयी मात्र उत्तर द्यावेसे वाटते, कारण त्याची उदाहरणे आपल्या आसपासचीच आहेत. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील एका चर्चमध्ये क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. सनल एडामरुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्यांनी जागेची पाहणी करून दाखवले, की जवळच्या तुंबलेल्या मोरीचे पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढत होते. यावर भिंतीची दुरुस्ती होऊन विषय मिटायला हवा होता. प्रत्यक्षात काही कॅथलिक संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, म्हणजे त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या २९५अ खाली, त्यांच्याविरुद्ध तक्रारी दाखल केल्या आणि अटकेच्या शक्यतेमुळे ते फिनलंडला निघून गेले. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी ‘गोड’ झाले, तेव्हा तिथल्या दर्ग्यातील मखदूम शाह बाबांची कृपा म्हणून ते बाटल्यांत भरून नेणाऱ्यांत सगळ्याच धर्मांचे लोक होते. भर पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी तिथेच येऊन मिळते, आणि ते कोणत्या प्रतीचे असते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. नायजेरियाच्या कानो प्रांतात २००३-०४ मध्ये पोलिओची लस मुस्लिम मुलींना वंध्य करण्यासाठी असल्याचे सांगून तिच्यावर बहिष्कार टाकला गेला, आणि तिथला विषाणू पुढे पोलिओमुक्त झालेल्या अनेक देशांत पोहोचला. तुर्कस्तानने २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांतीचे प्रकरण वगळले.

अमेरिकेतले उदाहरण तर या धाग्यासाठीच घडल्यासारखे आहे. पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळा मंडळाने उत्क्रांतीच्या जोडीने ‘बुद्धिमान रचने’चा, म्हणजे जीवसृष्टी कोणा बुद्धिमान कर्त्याने रचली असा, सिद्धांत मुलांच्या कानावर घालायचे ठरवले आणि प्रकरण २००५ मध्ये न्यायालयात गेले. त्या सिद्धांताच्या बाजूने साक्ष देणाऱ्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना उलटतपासणीत विचारण्यात आले, की तुम्ही विज्ञानाची जी सैल व्याख्या करता तिच्यात फलज्योतिषही बसेल का. आणि त्यांना ते मान्य करावे लागले. निकाल अर्थातच शाळा मंडळाच्या विरुद्ध गेला. मला यात मोलाचे वाटते ते असे, की त्या प्राध्यापकांना प्रश्न विचारता आला. व्यासपीठावर ते वर्षानुवर्षे बोलत होते. पण समोरच्याला प्रतिप्रश्न करण्याची मुभा आणि उत्तर देण्याची सक्ती जिथे होती, तिथे एका दुपारीच सारे उघडे पडले.

यावरूनच धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर निघते. गणपतीपुढे हात जोडणे ही श्रद्धा आहे आणि तिला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही; तिने नासाकडे जाऊन शिक्का मागण्याचे कारणच नाही. सूर्यातून अमुक ध्वनी निघतो, हे मात्र जगाविषयीचे विधान आहे, आणि असे विधान करताच ते तपासण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला आपोआप मिळतो. छद्मविज्ञानाला विज्ञानाचा मान हवा असतो, तपासणी नको असते. आणि तपासणी मागणाऱ्यालाच ‘तू आपला की परका?’ असे विचारले जाते, तेव्हा आपण करमणुकीच्या हद्दीतून कट्टरतेच्या हद्दीत गेलेलो असतो. नेरूळवासींच्या बैठकीत चर्चा दाव्यांवरून त्यांच्या श्रद्धेवर घसरली, ती याच वाटेने.

विज्ञानाच्या हटवादाविषयी एवढेच सांगतो की २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली, ती पाहावी. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका एकत्र करून, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन, कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांची सरासरी ४६ टक्के भरली. नाणे उडवूनही पन्नासच्या आसपास उत्तर आले असते. आकडा काय आला यापेक्षा रीत पाहावी. उत्तर बरोबर की चूक हे कसे ठरणार, ते आधी जाहीर होते आणि ज्योतिषी जिंकण्याची वाट उघडी होती. तेला-तुपाच्या बाबतीत तज्ज्ञांनी मत बदलले, ते अशाच चाचण्या होत राहिल्या म्हणून.

---

खाडीपलीकडची

एका भाषणाने काय बिघडते, या पारसिकदादांच्या प्रश्नावर मला घरातला अनुभव सांगायचा आहे. त्यात देवधर्माचा लवलेशही नाही, आणि म्हणूनच तो इथे सांगण्यासारखा आहे.

माझ्या बहिणीच्या मुलाला घोडबंदर रस्त्यावरील एका वर्गात ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’साठी घातले होते. मध्यमेंदू जागृत झाला की मुले डोळे बांधून वाचू शकतात, असा त्यांचा दावा असतो. पालकांसाठी एका सभागृहात प्रात्यक्षिक ठेवले होते, त्याला मी बहिणीबरोबर गेले. मोठ्या आवाजात संगीत, पडद्यावर मेंदूचे रंगीत चित्र, ‘अल्फा लहरी’, ‘क्वांटम’ अशा शब्दांचा मारा आणि मग एकेक मूल काळी पट्टी बांधून पुढे येऊन पत्त्यांचे रंग ओळखत होते. पालक रडत होते, मोबाईलवर चित्रण करत होते. मी पुढच्या रांगेत असल्यामुळे मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक मूल पत्ता छातीच्या खाली धरत होते, हनुवटी किंचित वर करत होते आणि मान हळूच एका बाजूला कलती करत होते. आपणही डोळ्यांना फडके बांधून पाहावे. नाकाच्या दोन्ही बाजूंना एक फट राहते आणि तिच्यातून खालचे स्वच्छ दिसते.

मी उभी राहून विनंती केली, की एकदा पत्ता मुलाच्या कपाळासमोर धरावा. संचालकांनी हसून सांगितले, ‘ताई, शंका घेतली की मुलांची ऊर्जा तुटते.’ माझ्या मागच्या रांगेतून दोन-तीन आवाज आले, की खाली बसा, मुलांचा हिरमोड करू नका. प्रात्यक्षिक पुढे सुरू झाले.

मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या देठाचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा वरचा भाग असतो. डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुली लहान होणे यांसारखी कामे तो करतो आणि ती जन्मापासून चालू असतात. फी भरून त्याला जागे करावे लागत नाही. हे मी बहिणीला नंतर सांगितले. पण तिला पटले ते माझ्या सांगण्याने नव्हे. भाचा एकटा असताना मला म्हणाला, ‘मावशी, थोडं थोडं दिसतं खालून. पण तसं म्हटलं की सर म्हणतात, तुझा अजून पूर्ण उघडला नाही, आणि मग सगळे हसतात.’

तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. जे दिसते ते दिसत नाही असे म्हणायचे आणि मोठ्यांना आनंद द्यायचा, हे त्याला त्या वर्गात शिकवले गेले, आणि त्यासाठी आम्ही पैसे मोजले. पुढे हा मुलगा कोणत्याही बाबासमोर, पुढाऱ्यासमोर किंवा कंपनीतल्या साहेबासमोर उभा राहील, तेव्हा हेच करील की नाही याची मला धास्ती वाटते.

---

वकील, चरई

कायद्याविषयी कोणी विचारले नसले तरी थोडक्यात लिहितो, कारण अशा वेळी ‘पोलिसांत तक्रार करा’ असा सल्ला हमखास येतो.

वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणे हे नागरिकाचे कर्तव्य असल्याचे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१अ(ह) मध्ये आहे. ते १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले आणि त्याच्या भंगासाठी कोणाला शिक्षा होत नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींसाठी १९५४चा कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर आठवड्याभरात वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षे झगडले तो त्यांना पाहता आला नाही. त्या कायद्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून देवदेवतांच्या नावाची यंत्रे दूरचित्रवाणीवरून विकण्याच्या जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या.

मात्र प्राचीन विमाने उडत होती असे सांगणारे भाषण यांपैकी कशातही बसत नाही, आणि बसूही नये, असे माझे मत आहे. चुकीचे बोलण्याबद्दल पोलीस कोणालाही धरून नेऊ शकतात अशा समाजात पहिला नंबर सनल एडामरुकूंसारख्यांचाच लागतो. फसवून पैसे उकळले, उपचार थांबवायला लावले, कोणाला इजा केली, तर कायदा. बाकीच्या ठिकाणी उलट प्रश्न.

---

पारसिक, कळवा

खाडीपलीकडची यांनी लिहिलेला प्रसंग वाचून वाईट वाटले. माझे मूळ मत कायम आहे, की मास्तरांनी दिलेली पाणिनी-कावसजींची माहिती जर कोणी तितक्याच रसाळपणे मंडपात सांगितली असती, तर या वक्त्यांना बोलावण्याची वेळच आली नसती. ती कोणी सांगत नाही, ही तक्रार मी विवेकवाद्यांच्याच दारात ठेवतो. प्रश्नोत्तरांच्या अटीबाबत मात्र मी नेरूळवासींच्या बाजूने आहे. आपल्याकडे शास्त्रार्थाची परंपरा होती असे अभिमानाने सांगायचे आणि पूर्वपक्ष मांडायलाच बंदी घालायची, हे परंपरेच्या अभिमान्यालाही शोभत नाही.

---

नेरूळवासी (धागाकर्ते)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली. पारसिक यांचे शास्त्रार्थाचे वाक्य मी जसेच्या तसे तिथे वापरले (श्रेय दिले आहे) आणि ते सचिवांच्या वर्मी लागले असावे, कारण त्यांनी लगेच वक्त्यांच्या कार्यालयाला फोन लावून निदान लेखी चिठ्ठ्यांवरचे प्रश्न घेण्याची विनंती केली. तिकडून नकार आला. मग जो मुद्दा मला सुचला नव्हता तो आमच्या खजिनदार काकूंनी मांडला. एवढे मानधन द्यायचे, वर गाडीभाडे द्यायचे, आणि आमच्या मुलांनी एक शब्द विचारायचा नाही, हे त्यांना परवडणारे वाटेना. त्या स्वतः नित्यनेमाने अथर्वशीर्षाची आवर्तने करतात, त्यामुळे त्यांना धर्मद्रोही म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

व्याख्यान तूर्त रद्द झाले असून ती संध्याकाळ मोकळी आहे. समितीतला एक गट अजून नाराज आहे आणि पुढच्या वर्षी हे नाव पुन्हा येईल, याची मला खात्री आहे. मास्तर, कावसजीची गोष्ट सांगायला आपण नेरूळला याल का? मुलांसाठी दुर्बिणीतून सौर डाग दाखवण्याचीही सोय होऊ शकेल का?

---

निवृत्त मास्तर, नौपाडा

आनंदाने येईन, ठाण्याहून नेरूळची थेट लोकल मिळते, गाडीभाड्याची चिंता काकूंनी करू नये. सौर डागांचे मात्र मनावर घेऊ नका, कारण भाद्रपदातल्या ढगांचा भरवसा नाही, आणि संध्याकाळी ते जमणारही नाही.

त्याऐवजी २१ सप्टेंबर १९९५ चा प्रयोग करू. त्या दिवशी देशभर, आणि संध्याकाळपर्यंत परदेशातही, गणपती दूध प्यायला होता. चमच्यातले दूध सोंडेला टेकताच पृष्ठताणामुळे चमच्याच्या काठावरून ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून इतक्या पातळ थराने खाली ओघळते, की पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. सरकारी विज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा दुधात रंग मिसळून हे दाखवले होते. मूर्तीचे दूध पिणे दुसऱ्या दिवशी थांबले असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात चमचा पुढे करणारे थांबले. आजही कोणताही गुळगुळीत दगड तितकेच दूध पितो.

मंडपातल्या मूर्तीला हात लावायचा नाही, म्हणजे कोणाचे मन दुखावणार नाही. एक स्वच्छ वरवंटा परातीत उभा करून ठेवा, तो आधी ओला करा, साधे दूध आणि बिटाचा रस घातलेले दूध अशी दोन भांडी ठेवा आणि काठ बारीक असलेले स्टीलचे चमचे आणा. चमचा काठोकाठ भरला पाहिजे, अर्धा भरला तर काही होत नाही. आधी पांढरे दूध मुलांच्या हातून पाजा, ते कुठे गेले असे त्यांना विचारा आणि त्यांची सगळी उत्तरे फळ्यावर लिहून घ्या. बिटाचे दूध मगच काढायचे.